हेडीचं फाटक

अ‍ॅडलेड,
९ मार्च १९९८

प्रिय लायल,

नाताळच्या कार्डावर पाऊस, गुडघा आणि मेंढ्यांचे भाव याखेरीज तू काही लिहिलं नव्हतंस. त्यावरून बरा आहेस असं धरून चालते.

ऑगस्टमध्ये मी तिकडे येते आहे. गाडीनं नाही, पायी. फ्लिंडर्सच्या रांगांमधून नवी पायवाट काढली आहे ना, ती दक्षिणेच्या खिंडीपासून आपल्या वारटापा घळीपर्यंत पूर्ण चालायची. एकशे तीस मैल, बारा दिवस. आमच्या मंगळवारच्या मंडळातल्या पाचजणी आहोत. सगळ्यांत लहान अठ्ठावन्न वर्षांची, सगळ्यांत मोठी मी. हसू नकोस. गेल्या वर्षी किनाऱ्याची वाट चाललो तेव्हा माझ्या पायाला एकही फोड आला नव्हता.

तुझ्याकडे एक काम आहे. वाटेत तीन ठिकाणी पाण्याची आणि शिध्याची पिंपं आधी नेऊन ठेवावी लागतात. त्या ओढ्यांतून गाडी कशी न्यायची हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

सोबत समितीनं छापलेला नकाशा पाठवते. भिंग घे आणि सातव्या मुक्कामाचं नाव वाच. वाचलंस? वेरानं, म्हणजे माझ्या शेजारणीनं, मला विचारलं, "ही हेडी तूच का गं?" मी म्हटलं, उत्तरेकडच्या जर्मन घरांत दर दुसरी मुलगी हेडीच असायची. पन्नास वर्षांपूर्वी मी एक फाटक लावलं आणि त्यामुळे चाळीस गुरं तहानेनं मेली, हे काही सांगितलं नाही. मला वाटायचं 'हेडीचं फाटक' हे नाव बाबांबरोबर गेलं. समितीला ते कुणी सांगितलं असेल?

मला तिथे एक रात्र राहायचंय. कळव.

तुझी,
हेडी

*

कॅलिना,
२१ मार्च १९९८

प्रिय हेडी,

पत्र मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मला लिहायला वेळ लागतो, अकराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटली.

तुझं वय सहासष्ट आहे. हे मी तुला सांगायला नको, पण कुणीतरी सांगायला पाहिजे. ऑगस्टमध्ये पहाटे भांड्यातलं पाणी गोठतं आणि दुपारी त्याच भांड्यात माश्या बुडतात. घोटा मुरगळला तर काय करणार? त्या घळींमध्ये आरडाओरडा केला तर फक्त कावळे ऐकतात. मागच्या वर्षी एक शिक्षक बाई दगडावरून घसरली, तिला उचलून आणायला सहा माणसं लागली. साप थंडीत झोपतात म्हणतात, पण सगळेच झोपतात असं नाही. बूट नवे घेऊ नकोस, घेतलेस तर आत्तापासून घाल. मोजे लोकरीचे.

पिंपं ठेवीन. त्याची काळजी करू नकोस. तुझी काळजी तेवढी मी करतो आहे.

पण सातव्या मुक्कामावरून जाऊ नकोस. तिथली टाकी तडकली आहे, पाणी हिरवं असतं. सहाव्यावरून डावीकडे ओढ्यानं खाली उतरलीस तर दोन दिवस जास्त लागतील, पण वाट सपाट आहे. मी सोबत पेन्सिलीनं काढून दिली आहे. तिथे बघण्यासारखं काहीच नाही, हेडी. कुंपणाच्या तारा आणि धूळ.

माझा गुडघा तसाच आहे.

तुझा भाऊ,
लायल

*

अ‍ॅडलेड,
६ एप्रिल १९९८

प्रिय लायल,

तुझी पेन्सिलीची वाट समितीच्या चिटणिसांना फोनवर वाचून दाखवली. कर्स्लेक त्यांचं नाव, फार गोड बोलतात. म्हणाले, त्या ओढ्यात ऑगस्टमध्ये थेंब नसतो, तिकडून जाऊ नका. आणि सातव्या मुक्कामाची टाकी मागच्याच वर्षी नवी बसवली आहे. चाळीस वर्षं पवनचक्क्या आणि टाक्या सांभाळणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं?

मला का अडवतो आहेस? मला लाज वाटेल म्हणून? लाज आता जुनी झाली.

खरं कारण सांगते, म्हणजे तू आणखी वाटा काढत बसणार नाहीस. त्या मंगळवारी मी घोडीवर होते, चुकलेलं शिंगरू शोधत. फाटक उघडं होतं. दुष्काळात ते मागे ओढून तारेनं बांधून ठेवलं होतं, म्हणजे पलीकडची गुरं रात्री-बेरात्री हौदावर येतील. मी त्यातून गेले आणि त्यातूनच परत आले. बाबांनी स्वयंपाकघरात विचारलं तेव्हा मी हेच म्हटलं. मग बाबा म्हणाले, तुझ्याशिवाय तिकडे कुणी गेलंच नव्हतं. मग आत्या म्हणाली, मग पाद्री म्हणाले. दीड महिन्यात माझी पेटी भरली आणि मी इथे आत्याकडे धुलाईच्या कामाला लागले. तेव्हापासून इतक्या वेळा ऐकलंय की डोळे मिटले की साखळी माझ्याच हातात दिसते. थंडगार लागते.

पण ती साखळी खाली असायची, लायल. फाटकाच्या खालच्या आडव्या दांड्याला. घोडीवरून हात पोचला असता का? उतरले असेन, तर उतरल्याचं मला आठवत नाही. मला तिथे उभं राहून बघायचंय. बस, एवढंच. मी ते केलं की नाही, हे मरायच्या आत कळलं पाहिजे.

आणि हो, कर्स्लेक म्हणाले की ते नाव त्यांना एका जुन्या रहिवाशानं सांगितलं. कोण रे तो?

हेडी

*

कॅलिना,
१९ एप्रिल १९९८

प्रिय हेडी,

टाकीबद्दल माझी चूक झाली. दुसरी टाकी डोक्यात होती.

नाव मी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी कर्स्लेक नकाशाचे कागद घेऊन आला, मला गाडीत बसवून सगळीकडे फिरवलं. ह्याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. लोक जे म्हणतात ते मी सांगत गेलो. मेंढ्यांची लोकर कातरणारे, ट्रकवाले, सगळे त्याला तेच म्हणतात. मी नसतं सांगितलं तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं. तो छापणार आहे हे मला कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, नुसतं लिहून घेतोय.

पाणी दर माणशी दिवसाला पाच लिटर धर. पाचजणींना चार दिवसांचं म्हणजे शंभर लिटर प्रत्येक ठिकाणी, वर थोडं सांडण्याचं. पिंपं मी सावलीत ठेवीन. झाकणावर दगड ठेवीन, नाहीतर डिंगो, ते रानकुत्रे, उलटवतात. शिध्याचे डबे पत्र्याचेच पाठव, प्लास्टिक उंदीर खातात. पीठ, चहा, खारं मांस. जर्दाळू सुकवलेले पाठवलेस तर

बाकीचं पुढच्या टपालाला लिहितो. ट्रक आला.

लायल

*

अ‍ॅडलेड,
४ मे १९९८

लायल,

पुढच्या टपालाला काही आलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

म्हणजे माझं नाव नकाशावर माझ्या भावानं घातलं. तुझ्याकडून निदान एवढं वाटलं होतं की विचारलं तर म्हणशील, माहीत नाही, ते नुसतं फाटक आहे. एक वाक्य. तुझा घसा दुखला असता का?

काल मंडळातल्या बायकांना सांगून टाकलं, हो, ती हेडी मीच. चांगल्या आहेत बिचाऱ्या. वेरा म्हणाली, पंधरा वर्षांच्या पोरीकडून होतं असं, आता मनाला लावून घेऊ नकोस. बाकीच्यांनी मान हलवली. गेली पन्नास वर्षं लोक मला असेच माफ करत आले आहेत. मला त्याचा कंटाळा आलाय.

डबे टपालाच्या ट्रकनं पाठवते. सातव्या मुक्कामावर आम्ही वीस ऑगस्टला असू. तू तिथे ये. त्या स्वयंपाकघरात जे होते त्यांतला तूच एक उरला आहेस. बोलू नकोस हवं तर. नुसता उभा राहा. मी घोडीची उंची विचारली तर सांग.

हेडी

*

कॅलिना,
२४ मे १९९८

प्रिय हेडी,

डबे पोचले. एकाचं झाकण वाकलंय, ठोकून सरळ केलं. पिंपं तीनदा धुतली.

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. तीन जाळली. हे पाचव्यांदा लिहीत नाही, जसं होईल तसं पाठवतो.

तुला तिथे उभं राहून काही बघायची गरज नाही. फाटक मी लावलं.

त्या साली जानेवारीच्या आधी दीड महिना मी शेजारच्या कुरणावर मेंढ्यांच्या कामाला होतो, आठवत असेल. मेंढ्यांच्या रानात प्रत्येक फाटक लावायचं असतं. दिवसातून वीसदा उतरायचं, लावायचं, साखळी अडकवायची. हाताला तेच वळण पडलं. घरी आलो आणि बुधवारी बाबांनी मला ग्रीस घेऊन पवनचक्कीवर पाठवलं. ओढ्याच्या वाटेनं जा म्हणाले होते. मी कुंपणाच्या वाटेनं गेलो, जवळ पडतं म्हणून. परत येताना ट्रकमधून उतरलो, तार सोडली, फाटक ओढलं, साखळी अडकवली. मनात काही नव्हतं. हातानं केलं. मी तेव्हा दुपारी जेवायला काय असेल याचा विचार करत होतो.

रविवारी गुरं सापडली. तू गेली नव्हतीस बघायला, मी गेलो होतो. तारेला छाती लावून उभी असल्यासारखी पडली होती. पलीकडे पन्नास पावलांवर हौद भरलेला होता.

तेव्हा मला कळलं. लगेच कळलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, त्या फाटकातून कोण गेलं होतं, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, मी गेले होते मंगळवारी. तुला काही विचारलंही नव्हतं नीट. तू खरं बोललीस आणि मी ताटात बघत राहिलो. मला वाटलं, आता नाही तर उद्या सांगू. उद्या तू रडत होतीस. परवा बाबांनी आत्याला पत्र लिहिलं. मग प्रत्येक दिवशी सांगणं कालच्यापेक्षा अवघड होत गेलं.

आणखी एक आहे. हे सांगू नये असं वाटतं, पण आता अर्धं कशाला ठेवू. आपला क्लॉड आठवतो ना, डोंगरातल्या मूळ लोकांचा, गुरांच्या मागावर जाण्यात त्याच्यासारखा कुणी नव्हता. तो सोमवारी बाबांना घेऊन तिथे गेला. मी ट्रकशी होतो, ऐकत होतो. तो म्हणाला, "घोडीच्या खुरावर चाक चढलंय, साहेब. चाक नंतर आलं." बाबा बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मग क्लॉडला म्हणाले, "पोरीनं कबूल केलंय. पोरगी काय, आज ना उद्या लग्न होऊन जाणारच. पवनचक्क्या कोण बघणार?" क्लॉडनं पायानं त्या खुणा पुसल्या नाहीत. बाबांनी पुसल्या.

त्यावर बाबा आणि मी पुन्हा कधी बोललो नाही.

वीस तारखेला ये म्हणतेस. येईन. किंवा तू म्हणशील तसं. पाण्याची काळजी करू नकोस.

लायल

*

अ‍ॅडलेड,
३० जून १९९८

लायल,

शेवटची तीन वर्षं बाबा माझ्याकडे होते. तुझ्याकडे न्हाणीघर बाहेर होतं आणि तू कुरणावर असायचास, म्हणून. मी त्यांना आंघोळ घातली. चमच्यानं भरवलं. नखं कापली. पाय गेले होते, पण तोंड शेवटच्या आठवड्यापर्यंत चांगलं चालत होतं. चहात साखर कमी पडली तर लगेच कळायचं त्यांना, आणि सांगायचे. एकदा मी म्हटलं, बाबा, त्या गुरांचं मला अजून वाईट वाटतं. त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, झालं गेलं, हेडी, मी तुला कधीच माफ केलंय.

गेला महिनाभर मी त्या थोपटण्याबद्दल विचार करते आहे. तुझ्याबद्दल नंतर करीन.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही, वेरालाही नाही. माझ्या तोंडून त्याला किंमत नाही. स्वयंपाकघरात मी तेव्हाच म्हटलं होतं, फाटक उघडं होतं. आता तू म्हण. कर्स्लेकना लिही. तारीख, वार, ट्रक, साखळी, सगळं. नकाशावरून माझं नाव काढायला सांग. हवं तर तुझं घाला म्हणावं, नाहीतर काहीच घालू नका.

मी चालणार आहे. तुझ्या पाण्यावर चालावं लागणार, कारण तिथे दुसरं पाणी नाही. वीस तारखेला तू येऊ नकोस.

हेडविग

*

पायवाट समिती, कॅलिना
३ ऑगस्ट १९९८

आदरणीय श्री. नोस्के यांस,

आपलं ९ जुलैचं पत्र समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं. सांगायला हरकत नाही, दोघा-तिघांनी डोळे पुसले.

या वयात, बहीण त्या ठिकाणी यायच्या आधी तिच्यावरचा बोल आपल्यावर घ्यावा असं आपल्याला वाटलं, यातच सगळं आलं. परंतु आपल्याला ओळखणाऱ्या कुणालाही हे पटणं शक्य नाही. या भागात फाटकांच्या बाबतीत आपल्याइतका काटेकोर माणूस झालेला नाही. प्रत्येक फाटकापाशी दोनदा उतरून बघणारा लायल नोस्के, हे तर आमच्याकडे लहान मुलंसुद्धा गमतीनं म्हणतात. शिवाय नकाशाच्या चार हजार प्रती वाटून झाल्या आहेत, आणि चालणाऱ्यांना हे नाव फार आवडतं.

सातव्या मुक्कामावर लाकडी फलक रंगवण्याचं काम सुरूच होतं. त्यात आपल्याबद्दल एक ओळ घालायचं समितीनं एकमतानं ठरवलं आहे. नको म्हणू नका.

आपला,
डेस्मंड कर्स्लेक
चिटणीस

*

कॅलिना,
११ ऑगस्ट १९९८

प्रिय हेडी,

कर्स्लेकचं पत्र सोबत ठेवलं आहे. तू वाचच. मी लिहिलं होतं, देवाशपथ लिहिलं होतं, वार-तारखेसकट, तीन पानं.

पत्र आल्यावर मी त्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत खुरप्यांपाशी उभा राहिलो. मग म्हटलं, डेस, मी मोठेपणासाठी लिहिलेलं नाही, खरंच मी लावलं. तो माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला. म्हणाला, "लायल, तू? तू तर स्वतःच्या घराचं दार लावलं की नाही बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जातोस." मी म्हटलं, त्या दिवसापासूनच जातो, त्याच्या आधी जात नव्हतो. तो हसला. बायकोला हाक मारून म्हणाला, ह्यांना चहा दे गं, आणि केक दे. मी क्लॉडचं सांगितलं. क्लॉडला जाऊन तीस वर्षं झाली, आणि त्याची माणसं दूर राहायला गेली. डेस म्हणाला, बघ, साक्षीला माणूससुद्धा तू असाच निवडलास की ज्याला कुणी विचारू शकणार नाही. किती विचार केलास रे बहिणीसाठी.

मी केक खाल्ला. का खाल्ला मला माहीत नाही.

फलक शनिवारी लावला म्हणतात. मी रंगाचा डबा काढून ठेवला होता, जाऊन पुसून टाकावा म्हणून. पण ती समितीची मालमत्ता आहे, दंड होतो, आणि माझ्या हस्ताक्षरात तिथे काय लिहू हे सुचेना. डबा अजून दाराशी आहे.

तिन्ही ठिकाणी पाणी ठेवलं आहे. पहिलं पिंप मोठ्या निलगिरीच्या उत्तरेला, दुसरं खडकाच्या कपारीत, तिसरं टाकीच्या मागे. झाकणं दोनदा तपासली. सकाळी उशिरा निघा, दव गेल्यावर, खडक निसरडे असतात.

तुझा भाऊ,
लायल

*

अ‍ॅडलेड,
३ सप्टेंबर १९९८

लायल,

पोचलो. कुणाचा घोटा मुरगळला नाही. पाणी गोड होतं.

सातव्या मुक्कामावर दुपारी तीनला आलो. फाटक आता नाही. दोन खांब आहेत आणि एकावर साखळीचा आकडा राहिला आहे. माझ्या गुडघ्याच्याही खाली. मी खांबापाशी वेराला थोडं वाकायला लावलं, तिची पाठ म्हणजे घोडीची पाठ धरली आणि तिथून हात खाली सोडून बघितला. दोन फुटांचा फरक राहिला. पंधराव्या वर्षी माझे हात आणखी आखूड होते. उतरल्याचं तर मला कधी आठवलंच नाही, म्हणजे मी ते केलं नव्हतं. मला कळायला हवं होतं ते कळलं.

वेरा म्हणाली, काय मोजतेस गं? तेवढ्यात दुसऱ्या दोघींना फलक दिसला. त्यांनी मोठ्यानं वाचला. पंधरा वर्षांच्या मुलीची चूक, तहानलेली गुरं, सगळं आहे. अक्षर सुरेख काढलंय. शेवटी असं आहे की, तिचा थोरला भाऊ लायल नोस्के यानं म्हातारपणी ही चूक स्वतःवर घेण्याचा प्रयत्न केला. भाऊ असावा तर असा.

मी त्यांना म्हटलं, तो खरं सांगतोय, त्यानंच लावलं होतं. आकडा दाखवला. हाताचं दाखवलं. क्लॉडचं सांगितलं, बाबांचं सांगितलं. मग वेरा माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "हेडी, आता पुरे गं. तो बिचारा एवढं करतोय तुझ्यासाठी. तू खरंच त्याच्यावर टाकू नकोस."

मग त्यांनी तुझं पाणी उकळून चहा केला आणि तुझ्या नावानं प्यायल्या.

सगळ्यांनी मला बजावलंय की घरी पोचल्यावर सगळ्यांत आधी तुला आभाराचं पत्र लिही. रोज फोन करून विचारतात, लिहिलंस का.

हे ते पत्र.

हेडविग